मानसशास्त्र शिकायचं म्हणजे नेमकं काय शिकायचं?

मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत मन कुठेच दिसत नाही. दिसतो एक उभा आरसा, त्याच्यापुढे धातूच्या पाटीवर दुहेरी रेघांची चांदणी, हात झाकणारा आडपडदा आणि चुका मोजणारं छोटं यंत्र. समोर बसलेल्या मुलीला, म्हणजे प्रयोगाच्या भाषेत ‘प्रयुक्ता’ला, सांगायचं की हाताकडे थेट बघायचं नाही, फक्त आरशात बघून त्या दोन रेघांमधून सळई फिरवायची. कडेला धक्का लागला की टक्, एक चूक. पहिल्या फेरीत हात पहिल्याच कोपऱ्यावर अडतो. वर न्यायचा तर खाली जातो, सळई जागच्या जागी थरथरते, यंत्र टकटकत राहतं आणि मागे उभ्या मैत्रिणी हसायला लागतात. आठव्या-दहाव्या फेरीला तोच हात बराच सुरळीत चालतो. प्रयोगकर्त्याने दर फेरीचा वेळ आणि चुका मांडायच्या, आलेख काढायचा, जर्नल पूर्ण करून सही घ्यायची.

‘सर, यात मन कुठे आलं?’ असं कुणीतरी विचारतंच. मन त्या आलेखात आलं. चुकांची रेघ फेरीगणिक खाली येते, ते शिकणं. सरावाने जमतं हे कुणाचीही आजी सांगेल. पण किती सरावाने, सुरुवातीला झपाट्याने आणि नंतर हळू असं का, उजव्या हाताने केलेल्या सरावाचा डाव्या हाताला काही फायदा होतो का, हे मोजल्याशिवाय कळत नाही. मानसशास्त्र शिकणं म्हणजे माणसाबद्दल जे सगळ्यांना आधीच ठाऊक आहे असं वाटतं, ते तपासून बघायची सवय लावून घेणं. पाठांतर करून पदवी मिळते, ही सवय मात्र नाही लागत.

या विषयाकडे मुलं येतात ती बहुतेक तीन वाटांनी. कुणाला स्वप्नं आणि मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड यांचं आकर्षण असतं, कुणी गुन्ह्यांच्या मालिका बघून आलेलं असतं आणि कुणाला स्वतःचं किंवा घरातल्या कुणाचं दुखणं समजून घ्यायचं असतं. तिन्ही कारणं चांगलीच आहेत. फक्त वर्गात आल्यावर पहिला धक्का संख्याशास्त्राचा बसतो. मध्यमान, प्रमाण विचलन, सहसंबंध, टी-टेस्ट. ‘गणित सुटावं म्हणून तर आर्ट्सला आलो’ म्हणणाऱ्यांचे चेहरे पाहण्यासारखे होतात. ते टाळता येत नाही. एका माणसाला आलेला अनुभव सगळ्यांना लागू पडतो की नाही, हे सांगायला दुसरा मार्ग नाही. गणितही फार अवघड नसतं. दहावीपर्यंतचं पक्कं असेल तर भागतं.

विषयाचं वय तसं कमी आहे. विल्हेल्म वुंट यांनी १८७९ साली जर्मनीत लाइपझिगला प्रयोगशाळा सुरू केली, तिथून त्याचा स्वतंत्र संसार मोजतात. १८८५ साली हर्मान एबिंगहाउस यांचं विस्मरणावरचं काम प्रसिद्ध झालं. त्यात प्रयोगकर्ता तेच आणि प्रयुक्तही तेच. अर्थ नसलेल्या अक्षरसमूहांच्या लांबलचक याद्या त्यांनी पाठ केल्या, ठरावीक वेळाने त्या पुन्हा पाठ केल्या आणि दुसऱ्या खेपेला किती कष्ट वाचले ते मोजलं. एका तासाने निम्म्याहून कमी बचत उरली होती, एका दिवसाने साधारण एक तृतीयांश, आणि महिन्यानंतरही पाचव्या हिश्शाच्या आसपास ती टिकून होती. म्हणजे आपण सुरुवातीला भराभर विसरतो आणि मग विसरण्याचा वेग मंदावतो. परीक्षेच्या आदल्या रात्री जागणाऱ्या मंडळींनी हा आलेख भिंतीवर लावायला हरकत नाही. आपल्याकडे कलकत्ता विद्यापीठात १९१६ च्या सुमारास प्रायोगिक मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग उभा राहिला, आणि त्याच शहरात १९२२ साली गिरींद्रशेखर बोस यांनी भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. बोस यांचा फ्रॉइडशी पत्रव्यवहार होता आणि ते त्यांच्याशी मतभेदही मांडत. अभ्यासक्रमात मात्र फ्रॉइडच्या वाट्याला जेमतेम एखादं प्रकरण येतं, हे आधीच सांगितलेलं बरं.

आता शाखांकडे. पुस्तकात त्यांची यादी दिलेली असते आणि ती वाचून वाटतं की मनाचे तुकडे करून एकेकाला वाटून दिलेत. प्रत्यक्षात माणूस तोच असतो, त्याला विचारायचे प्रश्न बदलतात. बारावीची एक मुलगी घ्या. घरी सगळं येतं, परीक्षेच्या हॉलमध्ये पेपर हातात पडला की डोकं कोरं. हात गार पडतात, छाती धडधडते, अर्धा तास वाया जातो.

तिच्या छातीची धडधड आणि गार पडलेले हात हा जैव मानसशास्त्राचा प्रश्न. संकट दिसलं की शरीर पळायच्या किंवा लढायच्या तयारीला लागतं. समोर वाघ आहे की फिजिक्सचा पेपर, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. पाठ केलेलं जातं कुठे, हा बोधनिक मानसशास्त्राचा प्रश्न. एका वेळी डोक्यात धरून ठेवता येईल अशी जागा फार थोडी असते. ‘नापास झाले तर?’ हा विचार त्यातलीच जागा अडवून बसला की उदाहरण सोडवायला पुरेशी उरत नाही. माहिती पुसली गेलेली नसते. तिच्यावर काम करायला जागा नसते. म्हणून तर हॉलबाहेर आल्यावर जिना उतरता उतरता उत्तर आठवतं.

हे तिला केव्हापासून होतं आणि या वयात असं होणं कितपत सामान्य आहे, ते विकासात्मक मानसशास्त्र विचारेल. तासाला शेजारच्या मुलींच्या पुरवण्या मोजत बसण्याची तिची सवय सामाजिक मानसशास्त्राच्या कक्षेत येईल. तिला खरोखर किती चिंता वाटते, हे मोजणारी प्रश्नावली कशी बनवायची आणि ती भरवशाची आहे हे कशावरून ठरवायचं, हा मानसमापनाचा भाग. शैक्षणिक मानसशास्त्र पेपरची रचना आणि शिकवण्याची पद्धतच उलटून बघेल. कदाचित दोष मुलीत नसेलही.

आणि तिला यातून बाहेर काढायचं कसं, हे समुपदेशन आणि चिकित्सा मानसशास्त्राचं काम. इथे मराठी वाचकांच्या ओळखीची एक पद्धत आहे. अमेरिकेतले अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात विवेकनिष्ठ मानसोपचाराची मांडणी केली आणि महाराष्ट्रात ती रुजवली कि. मो. फडके यांनी. तिचं सूत्र तीन पायऱ्यांचं आहे: घटना, तिच्याबद्दलची आपली धारणा आणि त्यातून होणारा परिणाम. आपण समजतो की पेपरमुळे घाम फुटला. एलिस म्हणतात, पेपर आणि घाम यांच्या मध्ये एक वाक्य दडलेलं आहे. ‘मला नव्वदच्या वर मिळालेच पाहिजेत, नाहीतर माझं काही खरं नाही.’ ते वाक्य शोधायचं, त्याला पुरावा मागायचा आणि त्याच्या जागी जरा सुसह्य वाक्य ठेवायचं: ‘मिळावेत अशी माझी फार इच्छा आहे, नाही मिळाले तर वाईट वाटेल, पण जग बुडणार नाही.’ वाचायला सोपं वाटतं. सतरा वर्षांच्या मुलीकडून ते मनापासून वदवून घ्यायला मात्र कौशल्य लागतं आणि वेळही लागतो. ‘टेन्शन घेऊ नकोस’ हा उपदेश आणि मानसोपचार यांत फरक पडतो तो इथे.

सगळ्या शाखांमध्ये मला सर्वांत थरारक वाटते ती मेंदू-मानसशास्त्राची. अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाचा तरुण होता. हयात असेपर्यंत शोधनिबंधांत त्याचा उल्लेख केवळ ‘एच. एम.’ असाच व्हायचा. अपस्माराचे झटके थांबावेत म्हणून १९५३ साली त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा, कानशिलाच्या आतला काही भाग शस्त्रक्रियेने काढला. झटके कमी झाले, पण नवी आठवण तयार होणं जवळजवळ थांबलं. आत्ता भेटलेला माणूस थोड्या वेळाने पुन्हा आला की हेन्रीसाठी तो नवाच. ब्रेंडा मिल्नर या संशोधिकेने त्याला तीच आरशातली चांदणी काढायला दिली, सलग तीन दिवस. रोज त्याला वाटायचं की हे आपण आयुष्यात पहिल्यांदाच करतोय. त्याच्या चुका मात्र दिवसागणिक कमी होत गेल्या. हाताला आठवत होतं, त्याला नव्हतं. स्मृती ही एकच गोष्ट नसून तिचे निरनिराळे प्रकार आहेत आणि ते मेंदूच्या वेगवेगळ्या भागांवर अवलंबून असतात, हे त्या उतरत्या आलेखाने दाखवलं. जर्नल उतरवून काढणाऱ्यांना हे कुणी सांगितलं, तर निदान एक प्रयोग तरी ते मनापासून करतील.

विकासात्मक मानसशास्त्राचा एक प्रयोग तर घरीच करता येतो. सारख्या आकाराच्या दोन पेल्यांत सारखं पाणी घ्या. चार-पाच वर्षांच्या भाचीला विचारा, दोन्हींत सारखं आहे ना? ती हो म्हणेल. मग तिच्यासमोरच एका पेल्यातलं पाणी उंच, निमुळत्या ग्लासात ओता आणि तोच प्रश्न पुन्हा विचारा. ती बहुधा उंच ग्लासाकडे बोट दाखवेल. झां पियाजे यांनी यावरून निष्कर्ष काढला की या वयात वस्तूचं रूप बदललं तरी प्रमाण तेच राहतं, हे मुलांना उमगत नाही. इथवर सगळी पुस्तकं सांगतात. खरी मजा पुढे आहे. १९७४ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी असाच प्रयोग सोंगट्यांच्या ओळींवर केला, पण ओळ मोठ्या माणसाने नाही, तर एका ‘खोडकर’ टेडीने येऊन विस्कटली. तेव्हा कितीतरी जास्त मुलांनी बरोबर उत्तर दिलं. म्हणजे आधीची काही मुलं बहुधा असा विचार करत असावीत की मोठी माणसं मुद्दाम काहीतरी बदलून तोच प्रश्न पुन्हा विचारतात, त्या अर्थी पहिलं उत्तर चुकलं असणार. आपल्या शाळांत ‘नक्की ना?’ असं बाईंनी विचारलं की उत्तर बदलणारी मुलं आठवा. प्रश्न कसा विचारला यावर उत्तर ठरतं, हा धडा मला पियाजेच्या मूळ प्रयोगाइतकाच मोलाचा वाटतो.

मानसमापनाबद्दल फारसं बोललं जात नाही, पण भारतात या शाखेचं काम जुनं आहे आणि त्यात मराठीचा थेट संबंध आहे. आल्फ्रेड बिने यांनी १९०५ साली पॅरिसमध्ये शाळकरी मुलांसाठी पहिली बुद्धिमापन चाचणी केली. पुढे अमेरिकेत सुधारलेल्या तिच्या आवृत्तीवरून धारवाडच्या डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कानडी मुलांसाठी चाचणी तयार केली, साल १९३४. आजही ती ‘बिने-कामत’ नावाने दवाखान्यांत वापरतात. अशा कामात नुसतं भाषांतर करून भागत नाही. अमेरिकन मुलाला सातव्या वर्षी येणारा प्रश्न इथल्या मुलाला सातव्या वर्षी येईलच असं नसतं. म्हणून प्रत्येक प्रश्न इथल्या मुलांना विचारून तो कोणत्या वयाचा धरायचा हे नव्याने ठरवावं लागतं. यालाच प्रमाणके काढणं म्हणतात. आणि ती शिळी होतात. शंभर वर्षांपूर्वीच्या मुलांशी आजच्या मुलांची तुलना करून काढलेला बुद्ध्यांक कितपत खरा, हा प्रश्न प्रत्येक जुन्या चाचणीला विचारायलाच हवा. ही केवळ पुस्तकी चर्चा नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. एखाद्या मुलाला दहावीच्या पेपरला जादा वेळ मिळणार की नाही, हे ठरताना अशा चाचण्यांचे आकडे टेबलावर असतात.

औद्योगिक शाखेकडे मुलं ‘एचआरची नोकरी’ म्हणून बघतात आणि ते फारसं चूक नाही. पदव्युत्तर शिक्षणानंतर पगाराची हमी त्यातल्या त्यात इथेच. माणसं निवडायची कशी, त्यांना कामाचा शीण का येतो, शिफ्टच्या कामाने झोपेचं काय होतं, असे प्रश्न. निवडीचं मानसशास्त्र जवळून बघायचं तर एनडीएसाठी एसएसबीला, म्हणजे सैन्याच्या अधिकारी-निवड चाचण्यांना, जाऊन आलेल्या कुणाशीही बोला. एकेक चित्र काही सेकंद दाखवतात आणि त्यावर गोष्ट लिहायला सांगतात. शेवटचा कागद चक्क कोरा असतो. मग साठ शब्द, दर शब्दाला पंधरा सेकंद, मनात येईल ते वाक्य लिहायचं. क्लासवाले तयार वाक्यं पाठ करून घेतात. पण त्या वेगात पाठांतर फार वेळ टिकू नये, अशीच तर मुळात रचना आहे.

न्यायसहायक मानसशास्त्राची हवा मालिकांनी फार केली आहे. गुन्हेगाराच्या डोळ्यांत बघून खोटं ओळखणारा माणूस पडद्यावरच असतो. खरं काम असतं आरोपी खटल्याला तोंड देण्याच्या मनःस्थितीत आहे का हे तपासणं, लहान साक्षीदाराशी त्याला न सुचवता बोलणं, कैद्यांचं पुनर्वसन. नार्को चाचणी आणि पॉलिग्राफ यांना तर सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सेल्वी खटल्यात स्पष्ट मर्यादा घातली: संबंधित व्यक्तीच्या संमतीशिवाय त्या करता येणार नाहीत.

अभ्यासाला बसल्यावर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची. पुस्तकातला प्रत्येक गाजलेला प्रयोग अजून उभा आहेच असं नाही. २०१५ साली संशोधकांच्या एका मोठ्या गटाने मानसशास्त्राच्या शोधपत्रिकांत छापून आलेले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले. जेमतेम ३६ टक्क्यांमध्ये पहिल्यासारखा ठोस निष्कर्ष मिळाला. मार्शमेलोची गोष्ट तुमच्या व्हॉट्सअॅपवर आलेली असेलच: लगेच एक गोळी न खाता, थांबून दोन मिळवणारी मुलं पुढे आयुष्यात यशस्वी होतात. २०१८ मध्ये नऊशेहून जास्त मुलांवर तेच तपासलं, तर परिणाम निम्म्यावर आला आणि घरची परिस्थिती हिशेबात घेतल्यावर जवळजवळ विरून गेला. ज्याच्या घरी उद्या खाऊ मिळेल याची खात्री नाही, त्याने आजच खाल्ला तर त्याला संयम नाही म्हणायचं का? यावरून काही जण म्हणतात, हे शास्त्रच नव्हे. मला उलट वाटतं. स्वतःचेच गाजलेले निष्कर्ष भर चौकात तपासायला काढणारा विषय शिकण्याच्या लायकीचा आहे. अडचण एवढीच की परीक्षेला जुनंच उत्तर लिहावं लागतं.

आता घरच्यांचा प्रश्न: पुढे काय? बी.ए. झालं म्हणून कुणी मानसोपचार करायला मोकळं होत नाही. गोळ्या लिहून देणारा मानसोपचारतज्ज्ञ हा एमबीबीएसनंतर मनोविकारात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ औषधं देत नाही; तो चाचण्या घेतो, निदानाला मदत करतो आणि बोलण्यातून उपचार करतो. त्याला एम.ए. पुरत नाही. भारतीय पुनर्वास परिषदेने, म्हणजे आरसीआयने, मान्य केलेलं शिक्षण आणि परिषदेकडे नोंदणी लागते. आजवर त्यासाठी एम.ए.नंतर दोन वर्षांचं रुग्णालयातलं एम.फिल. करावं लागायचं, बंगळुरूच्या निम्हान्ससारख्या संस्थांमध्ये. जागा मोजक्या आणि प्रवेश परीक्षा कडक. नव्या शैक्षणिक धोरणानंतर एम.फिल. मावळतीला लागलं आहे आणि परिषद नवे अभ्यासक्रम आणते आहे. म्हणून दादा-ताईच्या वेळी काय होतं यावर विसंबू नये. प्रवेशाच्या वर्षी परिषदेच्या संकेतस्थळावरचा नियमच वाचावा.

समुपदेशकांचं चित्र बराच काळ मोकळं-ढाकळं होतं. चार रविवारांचा कोर्स करून दारावर पाटी लावणारेही दिसतात. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यावसायिकांच्या राष्ट्रीय कायद्याने या क्षेत्रालाही नियमांत आणायला सुरुवात केली आहे. त्याचाच एक परिणाम म्हणजे २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, मानसशास्त्राचे अभ्यासक्रम दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने चालवायला मनाई केली. नोकरी सांभाळून घरबसल्या एम.ए. करणाऱ्यांची, विशेषतः लग्नानंतर पुन्हा शिकायला निघालेल्या बायकांची, यात अडचण झाली हे खरं. पण समोर माणूस बसवून, वरिष्ठांच्या देखरेखीखाली केलेल्या तासांना पर्याय नाही, हेही तितकंच खरं.

कॉलेज निवडताना फी आणि कटऑफच्या आधी तीन गोष्टी विचाराव्यात. प्रयोगशाळा चालू आहे की कपाटाला कुलूप आहे, तिथे संख्याशास्त्र शिकवणारं कुणी आहे का, आणि शेवटच्या वर्षी शाळा, रुग्णालय किंवा कंपनीत प्रत्यक्ष काम करायला पाठवतात का. तिसऱ्याचं उत्तर ‘आपलं आपण शोधा’ असं मिळालं, तर जवळच्या गावात अशी जागा कोण देईल याची चौकशी प्रवेश घेण्याआधीच करावी; टी.वाय.ला पोचल्यावर त्यासाठी वेळ उरत नाही.